रोटर निवेपर्यंत

वीज केंद्र वसाहत,
४ नोव्हेंबर २०२३

ती. शकुंतलावन्संना,
वासंतीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण हे दिवसभर फोनजवळच बसलेले असतात.

दसऱ्यानंतर आमचा चार नंबरचा संच कायमचा बंद झाला. कोळशाचे दिवस सरले. आता राखेच्या तळ्यापलीकडे सोलरची पॅनलं लागणार आहेत. मला त्याचं वाईट म्हणवत नाही. चिमणीची राख मी पंचवीस वर्षं वाळत घातलेल्या कपड्यांवरून झटकली आहे. ह्यांची नोकरीही गेलेली नाही. नीमचकडच्या सोलर केंद्रावर वीस तारखेला हजर व्हायचं आहे.

पण तुमचा भाऊ बोलत नाही, वन्सं. पानावर बसतो आणि उठतो. मला वाटलं, आयुष्यभर शिफ्टमागून शिफ्ट केली, आता चार दिवस विसावा मिळू दे. म्हणून पहाटेचा गजर बंद केला, डबा बंद केला, ड्यूटीचे बूट माळ्यावर टाकले. तेव्हापासून जास्तच बिघडलं. संध्याकाळी जाऊन राखेच्या तळ्याच्या बांधावर उभे राहतात, अगदी कडेला. काल शेजारच्या जयंतनं दंडाला धरून घरी आणलं. ह्यांनी हात सोडवूनसुद्धा घेतला नाही.

मला फार भीती वाटते. हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही. मोठ्यांच्या मायेचा आधार आहे, तो सुटू देऊ नका.

आपली,
वासंती

सोनागिरी, भोपाळ,
७ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटात सिस्टर पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायला लावत. आज ते जमत नाही.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. पक्षाघातानंतर जीभ जड झाली, तरी ह्यांचं डोकं अजून टर्बाइन शॉपमध्येच आहे. पत्र मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तिनं त्याला गरम असताना थांबवलं."

टर्बाइनची वाफ बंद केली तरी त्यातला फिरणारा दांडा, म्हणजे रोटर, लगेच थांबू देत नाहीत, हे तूही ऐकलं असशील. तो पुरता निवेपर्यंत छोट्या मोटारीवर हळूहळू फिरवत ठेवतात. गरम असताना स्थिर राहिला तर आपल्याच वजनानं मधोमध वाकतो. ह्यांचं म्हणणं, रवीचा गजर लाव, डबा भर, बूट परत दे.

तो चार नंबरचा रोटर ह्यांच्याच हातचा. मी तेव्हा नवी नवरी होते. कारखान्यातून निघाला तेव्हा आम्ही बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि रवी, आमचं तेरा वर्षांचं ध्यान, ट्रेलरमागे अख्ख्या बरखेडा वसाहतीतून धावत गेलं. चप्पल हरवून आलं म्हणून बाबांचा मारही खाल्लान. पुढे त्याच रोटरवर नोकरी लागली, तेव्हा मी त्याला चिडवायचे, की चप्पल शोधायला गेलास.

आता माझं ऐक. रवीला कळवू नये असं ठरवलं होतं, पण आता सांगच. ह्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. मदतीची बाई काम सोडून गेली. माझ्या मनगटात जोर उरला नाही. परवा हे हातातून निसटले. पाठीला जखम झाली आहे आणि डॉक्टरांचा चेहरा मला आवडला नाही. भाऊबीज आठवड्यावर आली आहे. रवीला सांग, ताईनं ओवाळून घ्यायला नाही, ड्यूटीवर बोलावलं आहे.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे, बाळ.

शकुंतला

वीज केंद्र वसाहत,
११ नोव्हेंबर २०२३

ती. वन्संना सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्याच हाती देते आहे. दुसऱ्याचं पत्र हे कधी उघडत नाहीत, तेवढा स्वभाव अजून शाबूत आहे.

तुमचा निरोप दिला. ह्यांनी माळ्यावरून बूट स्वतः काढले. पॉलिश नको म्हणाले. मी बरोबर निघाले होते, तर सूनबाईंचे दिवस भरले आहेत, तू थांब, असं म्हणाले. पंधरा दिवसांतलं ते पहिलं पुरं वाक्य, म्हणून मला नाही म्हणवलं नाही.

वाटेत नर्मदेचा पूल लागतो. गाडी पुलावर येईल त्या सुमाराला मी देवापाशी बसेन. पोहोचले की नुसती एक रिंग द्या. आली नाही तर काय करायचं, ते मला सुचत नाही.

पदरात घ्या.

वासंती

सोनागिरी, भोपाळ,
भाऊबीज, १५ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

रिंगेवर तुझं समाधान झालं नसेल, म्हणून सविस्तर लिहिते.

रवी आला तो राखेनं माखलेल्या बुटांनिशी. हातपाय धुऊन ह्यांच्या उशाशी बसला तो बसलाच. वेळ झाली की उठतो, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ह्यांना अलगद वळवतो. मला कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली.

आज ओवाळल्यावर ह्यांची कूस बदलताना तो आपणहून बोलायला लागला. शेवटच्या दिवशी वाफ बंद झाली, रोटर मोटारीवर फिरत होता. वरून आलेले एक साहेब म्हणाले, भंगारातच जाणार आहे, वाकला तर कुणाचं काय जातं, उगाच वीज जाळू नका. कंट्रोल पॅनलवर रवी होता. मोटार थांबवायचं बटण त्यानंच दाबलं. रोटर थांबेपर्यंत तिथंच उभा राहिला. तुझ्या गजराचा आणि डब्याचा ह्यात काही दोष नव्हता, वासंती.

ज्याच्या हातचा रोटर, त्याच्याच समोर त्यानं हे सांगितलं. ह्यांच्या डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळलं. रवी हात काढून घ्यायला लागला, तर ह्यांनी चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "मी अजून गरम आहे. फिरव."

त्यानं फिरवलं.

जखम भरलेली नाही. डॉक्टर आशा दाखवत नाहीत. वीस तारखेला नीमचकडे हजर व्हायचा विषय रवीपाशी कुणी काढलेला नाही. त्याचे बूट दाराशी आहेत. मी येता-जाता पाहते, ते तिथंच आहेत ना. आताच त्यानं आतून विचारलं, ताई, वेळ झाली का. अजून अवकाश होता, तरी मी झाली म्हणाले.

सूनबाई मोकळी झाली की तूही निघून ये. तोवर आम्हा तिघांची आठवण ठेव.

तुझीच,
शकुंतला