बशीवरची किणकिण

पिनर, रविवार, ६ नोव्हेंबर १९९४

आज अनघा केंब्रिजहून आली होती. चहा घेताना मला तिचं संशोधन समजावत होती. "तारा कितीपण लांब गेली ना बाबा, तरी तिची केमिस्ट्री सहसा चेंज होत नाही. लोखंड किती, मॅग्नेशियम किती, त्यावरून कळतं ती वायूच्या कुठल्या ढगात जन्मली."

"गेला! तारा पुल्लिंगी आहे," मी खेकसलो. व्याकरण कसलं! माझा कप बशीवर किणकिणत होता, तो आवाज झाकायचा होता.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा हात असाच थरथरायचा. आधी कप, मग सही, शेवटी घास तोंडापर्यंत जाईना. आणि मी पडलो सर्जन. उद्या सकाळी ऑपरेशनं आहेत. बायकोलाही अजून बोललेलो नाही. सुरी हातात असली की हात स्थिर असतो. असतो ना?

"म्हणजे जन्माचं काहीच पुसलं जात नाही?" मी विचारलं.

"ऑलमोस्ट नथिंग, बाबा."

मी कपबशी टेबलावर ठेवली आणि हात मांडीखाली दाबून बसलो.

किणकिण थांबली नाही. अनघा हसत पुढे बोलत होती. तिची कपबशी अजून तिच्या हातात होती.