उलट्या बाटल्या आणि सुनेचे घर

मी, गोपीनाथ महिपत फणसे, वय वर्षे एकसष्ट, मीठ खात्यातून निवृत्त कारकून, राहणार कल्याण, पारनाक्याजवळ, कोणाच्या भिडेस किंवा दडपणास न जुमानता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते सिद्ध करावे लागणार आहे. माझा पुतण्या दौलत गावभर सांगत सुटला आहे की काकांना वेड लागले आणि वेड्याचा कागद कोर्टात टिकत नाही. कागद टिकला नाही तर घर दौलतच्या घशात जाईल आणि माझी विधवा सून उत्तरा उघड्यावर पडेल. तिला माहेर उरलेले नाही. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

माझ्या वेडाचा पुरावा म्हणून दौलत बाटल्यांकडे बोट दाखवतो, तेव्हा आधी बाटल्यांचीच विल्हेवाट लावतो.

कलम पहिले. साहेबलोक स्टेशनावर सोडा पिऊन गोळीच्या बाटल्या टाकून देतात, त्या गोळा केलेल्या माझ्या सर्व बाटल्या, वाळूच्या टोपल्यांसह, उत्तरेच्या. पहिली बाटली माझ्या मुलाने, कै. रघुने, आणली. उत्तरा तेव्हा परकरी पोर. तिला आतली काचेची गोळी खेळायला हवी होती. मी म्हटले, "फोडू नका रे, आधी बघू ती अडकते कशी." आतल्या वायूच्या जोराने गोळी तोंडाशी दाटून बसते हे कळायला आम्हां सासऱ्यासुनेला अख्खा उन्हाळा लागला. कारखान्यात वायू यंत्राने भरतात. आमच्याकडे कुठले यंत्र? आम्ही पाण्यात आले, गूळ नि लिंबू घालतो, मागल्या पाण्याचे विरजण लावतो, बाटली भरतो आणि चटकन उलटी करून वाळूत खोचतो. गोळी तोंडाशी येते, पाणी आंबून आपला वायू आपणच करते आणि गोळी घट्ट बसते.

दौलतला माजघरात या बाटल्या खाली डोके वर पाय दिसल्या. आम्ही काळ्या तलावावर गेलो असता त्याने साऱ्या सुलट करून फळीवर ओळीने मांडल्या. नुकत्याच भरलेल्या होत्या, गोळ्या खाली पडल्या, वायू निघून गेला. वर मलाच म्हणतो, "काका, बाटली सरळ ठेवायची असते हे तुम्हांला समजत नाही का?" आमच्या दोघांत वेडा कोण, हे कोर्टाने ठरवावे.

कलम दुसरे. माझ्या थोरल्या भावाची विधवा, म्हणजे दौलतची आई विमलावहिनी, शेजारच्याच घरात राहतात. साहेबाच्या तोंडची बाटली घरात आली तेव्हापासून त्यांनी माझ्याकडचे पाणी सोडले. प्रकरण गुरुदत्तशास्त्र्यांकडे गेले. शास्त्रीबुवांनी निर्णय दिला की काच भट्टीतून निघते म्हणून ती शुद्ध. बाटलीच्या तोंडातल्या रबराच्या कड्याविषयी शास्त्र गप्प आहे. गोळीला तोंड नाही, बूड नाही, तेव्हा तिला उष्टे लागणार कुठे? निर्णयाचा पूर्वार्ध त्यांनी एक बाटली प्यायल्यावर आला आणि उत्तरार्ध दुसरी प्यायल्यावर. शास्त्रीबुवांना तहहयात दर एकादशीस एक बाटली पोचवावी.

कलम तिसरे. हे कलम वहिनींसमोर वाचू नये. गेल्या चैत्रात उन्हाने आमची एक बाटली फुटली आणि तिची गोळी भिंतीवरून उडून वहिनींच्या तुळशीत पडली. दिवस सोमवारचा. वहिनींचे सोळा सोमवार चाललेले. त्यांनी ती स्फटिकाची स्वयंभू पिंडी म्हणून देव्हाऱ्यात बसवली. दौलतने भटजी आणून रुद्राभिषेक केला. काकांच्या बाटल्या बंदुकीसारख्या वाजतात म्हणून ज्याने बोंब मारली, तोच त्या बाटलीतल्या गोळीपुढे हात जोडून माझ्या वेडावर उतारा मागतो. सदर गोळी माझी मिळकत असून ती मी देवास अर्पण करतो. वहिनींच्या हयातीत कोणी तोंड उघडू नये. त्यांना तिच्यापाशी बरे वाटते.

कलम चौथे. दौलतला माझी छत्री. ती उघडत नाही.

कलम पाचवे. गेल्या आठवड्यात दौलत माझी परीक्षा घ्यायला ठाण्याहून डॉक्टर आनंदराव कोतवाल यांना घेऊन आला. डॉक्टरांनी विचारले, "राज्य कोणाचं?" मी म्हटले, "राणीचं." "दोन आणि दोन किती?" मी म्हटले, "मीठ असेल तर पावसाळ्यात तीनच भरतात." दौलतने लगेच डॉक्टरांना डोळा घातला. इतक्यात उत्तरेने बाटली आणली आणि अंगठ्याने गोळी आत दाबली. फेस थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर गेला. त्यांनी मिशी चाटली, उरलेली बाटली संपवली आणि दाखला लिहून दिला: "गृहस्थ पूर्ण शहाणे. आले किंचित जास्त." दाखला सोबत जोडला आहे. आले मुळीच जास्त नव्हते.

कलम सहावे, आणि खरे ते हेच. राहते घर माझ्या कमाईचे आहे, वडिलार्जित नव्हे, आणि ते मी उत्तरेस देतो. रघुची विधवा म्हणून देत नाही. विधवेने पुन्हा लग्न केले तर नवऱ्याकडून आलेले सारे तिच्या हातून जाते, असा कायदा आहे. म्हणून हे घर रघुकडून तिला येतच नाही, माझ्याकडून येते. रघु तापाने गेला तेव्हा ती सोळाची होती. त्यानंतर मी तिला एकदाच मोठ्याने हसताना ऐकले, कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर आम्ही भरलेली पहिली बाटली नीट वाजली तेव्हा. ती मला पोटच्या पोरीहून जवळची आहे. तिने उद्या कोणाशी लग्न केले तरी घर तिचे. नाही केले तरी तिचे. नवरा आला तर तो तिच्या घरी राहायला येईल, आणि बाटल्या सुलट करणारा नसावा एवढे तिने पाहावे.

साक्षीबाबत. डॉक्टर कोतवालांनी सही केली. दुसरी सही शास्त्रीबुवांची ठरली होती, पण सहावे कलम ऐकताच ते उठले. म्हणाले, "पुनर्विवाहाच्या कागदाला माझा हात लागणार नाही, गोपीनाथराव." त्यांच्या एकादशीच्या बाटल्या चालू ठेवाव्यात. त्यांनी निर्णय बाटलीपुरताच दिला होता.

आवाज चढले म्हणून वहिनी दाराशी आल्या. मी त्यांना सहावे कलम तेवढे वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "म्हणजे भावोजी, तिला या घरातून कोणी काढू शकत नाही?"

"नाही."

"आमचा दौलतसुद्धा?"

"तोसुद्धा नाही."

वहिनी आत आल्या. इतक्या वर्षांत प्रथमच या घरात बसल्या आणि उत्तरेकडे पाणी मागून प्यायल्या. दौलत त्यांना पलीकडे त्यांच्याच घरात महिन्यातून दोनदा, "हे घर माझं आहे, लक्षात असू दे," असे ऐकवतो. भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू येते. त्या म्हणाल्या, "साक्ष मी घालते." लिहिता न येणाऱ्या बायकांनी कागदावर सहीऐवजी बांगडीची निशाणी काढायचा रिवाज, म्हणून मी टाक पुढे केला. त्या म्हणाल्या, "बांगडी नको. अंगठा घ्या." मी अंगठ्याखाली लिहायला घेतले, कै. अमक्यांची पत्नी, दौलतरावांची आई, असे काय ते. त्यांनी माझा हात धरला. "नुसतं विमलाबाई लिहा, भावोजी. पुरे तेवढं."

मुक्काम कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८१६, इसवी सन १८९४.

सही: गोपीनाथ महिपत फणसे, दस्तुरखुद्द.

साक्षीदार:
१. डॉक्टर आनंदराव कोतवाल, ठाणे.
२. अंगठा, विमलाबाई.