तिसऱ्या मजल्याचं शून्य

प्रिय वेडाबाई,

हे नाव आता माझ्या तोंडी शोभत नाही, ठाऊक आहे. पण खरं नाव लिहायला गेलो तर पुढे त्याचं आडनाव लावावं लागेल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही. पत्र आपली मैत्रीण चष्मिश आणून देईल. वाच आणि फाडून टाक.

कॉलेज सोडलं हे तुला माहीत आहेच. बाबा अजून माझ्याशी आईमार्फत बोलतात. आता मी वायरमनकाकांच्या हाताखाली वीजमीटर बसवतो. मी चिडलो की काका म्हणतात, “आधी पक्कड खाली ठेव, मग काय तापायचं ते ताप.” काम मात्र आवडतं. मीटरमधून दोन बारीक तारा निघतात. घरात ठरावीक वीज जळली की मीटर त्यांवरून एक ठोका पाठवतो, त्याला पल्स म्हणतात. खाली ऑफिसातलं पॅनेल ते ठोके मोजतं. एका युनिटला किती ठोके, हा आकडा दोन्हीकडे सारखाच भरायचा, नाहीतर दोन खोल्यांचं घर कारखान्याएवढी वीज खाताना दिसतं.

तुमच्या इमारतीचं काम आम्हालाच मिळालं. तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं घर कुणाचं, ते तारा जोडून झाल्यावर कळलं, चष्मिशने तुझी लग्नपत्रिका दाखवली तेव्हा; लग्नानंतर तुम्ही दोघं त्याच नव्या घरात राहायला जाणार होतात. लग्नाला आलो नाही. पण नंतर काही ना काही निमित्त काढून त्या पॅनेलसमोर जाऊन उभा राहायचो. सगळ्या घरांचे आकडे सरकत होते, तुमच्या घराचं मात्र शून्य. पुन्हा गेलो, तरी शून्य. दिवा नाही, पंखा नाही, फ्रीजसुद्धा नाही. वेडाबाई, मला वाटलं तू तिथे गेलीच नाहीस. ऐन वेळी पाय मागे घेतलास. चष्मिशला विचारलं नाही. ती खरं सांगून टाकेल याची भीती होती. त्या दिवसांत मी घरात शीळ घालत फिरायचो. आई म्हणाली, “काय रे, लॉटरी लागली का?”

मग काकांनीच पाठवलं. “तिसऱ्या मजल्याचा ठोका येत नाही, बघून ये.” जिना मी धावत चढलो. तुमच्या दाराशेजारची मीटरची पेटी उघडली, तर मीटरवरचा लाल दिवा मजेत लुकलुकत होता. म्हणजे आत वीज जळत होती. घर नांदत होतं. ठोक्याच्या तारा तेवढ्या उलट्या लागल्या होत्या, प्लसच्या जागी मायनस, त्यामुळे ठोका खाली पोहोचतच नव्हता. त्या मीच जोडल्या होत्या. मीच काढल्या आणि मीच सरळ लावल्या. फोनवर काका ओरडले, “आला रे आला! पळायला लागला बघ आकडा!” केवढा आनंद झाला होता त्यांना.

तेवढ्यात दार उघडलं. पुढे तू, मागे तो. माझ्याकडे बघून तू म्हणालीस, “दादा, लाइट जाणार आहे का?”

मी नकारार्थी मान हलवली आणि खाली उतरलो. दादा! डोकं असं सणकलं की गेटपाशी भिंतीवर मूठ आपटली, अजून ठणकतेय. मग सावकाश तुझा हात आठवला. कडी इतकी गच्च धरली होतीस की बोटं पांढरी पडली होती. तू मला परकं करत नव्हतीस. तू घाबरली होतीस. मला. मी त्याच्यासमोर तमाशा करेन म्हणून. माझ्या रागावर खो खो हसणारी तू.

आता रिलेचं काम राहिलंय. कुणी मर्यादेबाहेर वीज खेचली तर मीटरमधला हा छोटा स्विच मोठ्या स्विचला इशारा करून पुरवठा तोडतो. तो तपासायला रविवारी तुमच्याकडची वीज थोडा वेळ घालवावी लागेल. त्या घरी मी जाणार नाही, असं काकांना सांगितलंय. त्यांनी कारण विचारलं नाही. तेच येतील; टक्कल आहे, सारखे खोकतात, माणूस लाखाचा. बेल वाजली की निर्धास्त दार उघड. मी नसेन. एवढं सांगायलाच लिहिलं.

सवय सुटेपर्यंत तुझाच,
भडकू