तोंडात टाचण्या असताना दिलेली परवानगी

ती. वन्संना कोपरापासून नमस्कार. (टोमण्याने म्हणतात तसा नव्हे, खरोखरीचा. शिवून शिवून उजवा हात कोपरातून सरळ होईनासा झालाय, त्यामुळे जेवढा जमतो तेवढा पाठवते आहे, गोड मानून घ्या.)

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, भावोजींचा खोकला गेला, शेजाऱ्यांनी एकदाची तुमची शिडी परत केली, सगळं वाचून बरं वाटलं. इकडेही सगळे मजेत आहेत. तुमचे भाऊ मजेत, मधला मजेत, धाकटी मजेत. (धाकटीला आम्ही अजून ‘बटण’च म्हणतो. दोन वर्षांची असताना तिने माझ्या डब्यातलं कोटाचं मोठं बटण गिळलं, तेव्हापासून. ते बटण दुसऱ्या दिवशी परत मिळालं. धुऊन मी ते कुठे लावलं हे तुमच्या भावांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.) राहिली थोरली. ती तर अडीच महिने तुमच्याकडेच शिकायला आहे आणि मजेत आहे, असं तुम्हीच लिहिलंत. फोनवर मी विचारलं की ती ‘बरी आहे’ म्हणते आणि फोन तुमच्या हातात देते. तेव्हा तिची खबर कळायची म्हणजे तुमच्या पत्रावरच भिस्त.

तुम्ही लिहिलंत, की तिला दुकानातून तयार जॅकेट घेतलं आणि ते अगदी तिच्यासाठीच शिवल्यासारखं बसलं. फार चांगलं केलंत. मला मुळीच वाईट वाटलं नाही. ते वाक्य मी एकदाच वाचलं. (मग एकदा तुमच्या भावांना वाचून दाखवलं, एकदा दवाखान्यात कामावर डबा खाताना वाचलं, आणि काल भांडी घासताना लक्षात आलं की ते आपल्याला पाठ आहे.) पण वन्सं, सोळा वर्षं त्या मुलीच्या अंगावर मी न शिवलेला कपडा चढला नव्हता. झबल्यापासून गणवेशापर्यंत सगळं या हातचं. तेव्हा ते वाक्य वाचून काय झालं हे सांगायचं नाही असं ठरवूनच मी लिहायला बसले आहे.

त्या चौकडीच्या कापडाचं तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. गेल्या वर्षी एक दुकान बंद होत होतं, तिथून मी निळ्या-पांढऱ्या चौकडीचा अख्खा तागा उचलून आणला. दुकानदारही म्हणाला, बाई, एवढं काय कराल? त्याला काय माहीत मी कोण ते! आधी पडदे केले. मग मधल्याचे दोन शर्ट, बटणचे तीन फ्रॉक, तुमच्या भावांचा एक शर्ट आणि दोन पायजमे, मिक्सरचं झाकण, शेजारणीच्या इस्त्रीच्या टेबलाला कव्हर. तरी तागा आपला तेवढाच. तुमचे भाऊ पडद्याजवळच्या खुर्चीत बसले की दारातून नुसता चष्मा आणि पेपर दिसायचा. एकदा विम्याचा माणूस त्यांना भेटायला आला आणि ते घरी नाहीत असं समजून परत गेला. (तेवढा एक फायदा झाला, नाही म्हणायला.) शाळेने पालकांना काहीतरी भेट द्या म्हटलं, तेव्हा मी समारंभाच्या टेबलासाठी मोठा टेबलक्लॉथ शिवून दिला, खाली झालर लावून. मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुकाची चिठ्ठी पाठवली. ऊर भरून आला माझा. आणि उरलेल्या कापडात मी थोरलीला ड्रेस शिवला, निरोपाच्या समारंभासाठी. सगळ्या मुलांतून भाषणाला तिला निवडलं होतं. ती म्हणत होती, आई, एकदाच दुकानातला घेऊया ना. मी म्हटलं, दुकानातल्या शिवणीला दम नसतो. आणि ड्रेसलाही खाली झालर लावली. तीच.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. एवढी वीतभर अक्कल देवाने द्यायला काय हरकत होती? ती स्टेजवर गेली आणि त्या टेबलाशेजारी उभी राहिली. कंबरेखाली पोरगी कुठे संपते आणि टेबल कुठे सुरू होतं, कळेना. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “टेबल बोलायला लागलं!” झालं, सगळं सभागृह खदाखदा हसलं. कुणाची मुलगी म्हणून लोक मागे वळून बघायला लागले, तर तिसऱ्या रांगेत आम्ही चौघं. तुमच्या भावांचा शर्ट, मधल्याचा शर्ट, बटणचा फ्रॉक, माझ्या मांडीवरची पिशवी, सगळं तेच. तेव्हा आणखी एकदा हशा पिकला. आणि वन्सं, मला वाटलं तिने भाषणात विनोद केला. मी टाळ्या वाजवत होते. सगळ्यांत मोठ्याने मी वाजवत होते. तिने माझ्याकडे पाहिलं, चार ओळी बोलली, आभार मानले आणि खाली उतरली. पाठ केलेलं भाषण चांगलं दहा मिनिटांचं होतं.

घरी येऊन भांडली असती, तर मी समजूत घातली असती. भांडायला ती तुमच्या वळणावर गेली नाही. (रागावू नका, प्रेमाने म्हणते आहे.) तिने ड्रेसची नीट घडी केली, कपाटात ठेवला आणि मधल्याला गणितं शिकवायला बसली. मीही धरून चालले, विसरली. आणि तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. तिला बरं वाटावं म्हणून! तिला काय हवंय हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं, गोधडीला दोन महिने लागतात. मी दोन महिन्यांचं काम निवडलं.

आमचं मशीन कुठे आहे, ते तुम्ही पाहिलंय. कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या फटीत, भिंतीकडे तोंड करून. उजेड तिथेच येतो, दुसरी जागा नाही. दवाखान्यातून आले, चहा टाकला, भाजी फोडणीला घातली की मी मशीनवर. म्हणजे ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्याने पाठीशी बोलायचं. आमची पोरं माझ्या पाठीशी बोलत मोठी झाली आहेत. आणि पायाचं मशीन चालू असताना, तोंडात तीन टाचण्या धरलेल्या असताना, माणसाला एकच उत्तर देता येतं. हं. या ‘हं’ने माझ्या संसाराचे जे धिंडवडे काढलेत, ते काय सांगू! मधल्याने कासव पाळू का विचारलं असणार, कारण एक दिवस आंघोळीच्या बादलीत कासव होतं आणि तो म्हणाला, तूच हो म्हणालीस. तुमच्या भावांनी रविवारी ऑफिसातल्या दोघातिघांना जेवायला बोलावू का विचारलं. अकरा जण आले. तेव्हा मी खोलीभर गोधडी अंथरून टाके घालत होते, आणि सगळे भिंतीला पाठ लावून पाय पोटाशी घेऊन बसले. यावर आम्ही खूप हसलो होतो. थोरली तर माझी नक्कल करून दाखवायची, ओठांत पेन्सिल धरून.

आणि मग तिनेच मागून येऊन विचारलं, की आत्याकडे शिकायला जाऊ का, दोन वर्षांसाठी. मी म्हणाले, हं. ती थोडी थांबली म्हणे, आणि तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणाले, हं. हे सगळं मला तुमच्या भावांकडून कळलं, माळ्यावरून बॅग काढताना. म्हणाले, तू इतक्या सहज हो म्हणशील असं वाटलं नव्हतं. वन्सं, तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की अहो, मी ऐकलंच नाही! तीन शब्दांचं काम. पण ती दारात उभी होती, आणि पोटच्या पोरीचं बोलणं आपल्याला ऐकू आलं नाही हे तिच्यासमोर कबूल करायची लाज वाटली. मी म्हणाले, हो, म्हटलं ना. जाऊ दे की. तिने मान हलवली आणि बॅग पुसायला फडकं आणलं. (फडकं चौकडीचं.) जायच्या दिवशी गोधडीची एक बाजू राहिली होती. दोन मिनिटं थांब म्हणत मी टाके घालत बसले, ती बूट घालून दहा मिनिटं दारात थांबली. बस काय माझ्यासाठी थांबणार होती? ती गेली, आणि गोधडी माझ्या मांडीवर राहिली.

तरी मी मनाची समजूत घातली होती, की मुलीची प्रगती आहे, आत्याच्या घरी आहे, आपण मोठ्या मनाने पाठवलं. पण गेल्या रविवारी बटणच्या डोक्यातून फ्रॉक घालत होते, तेव्हा ती फ्रॉकच्या आतून म्हणाली, ताई जिन्यात रडली होती. आई मला ठेवून घेईल असं वाटलं होतं म्हणाली, आईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही म्हणाली. एवढं सांगून बटणने डोकं बाहेर काढलं आणि पोळीवर साखर मागितली. साखर मी दोनदा घातली. म्हणजे तिला जायचं नव्हतंच, वन्सं. ती विचारत होती. दवाखान्याच्या खिडकीत बसून मी रोज शंभर-सव्वाशे माणसांना मान वर करून विचारते, नाव काय, वय काय, काय होतंय? केसपेपरवर लिहून घेते. घरच्या माणसाला काय होतंय हे मी कधी विचारलं नाही, आणि तिने आपणहून सांगितलं तेव्हा माझं तोंड भिंतीकडे होतं. मला याचा फार पश्चात्ताप होतो आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

असो. तुम्हाला उगाच घोर नको. तिचं शिक्षण महत्त्वाचं. तिला परत पाठवा असं म्हणायला मी हे लिहीत नाहीये, तसा अर्थ काढू नका. सोबत पार्सलात गोधडी पाठवली आहे, चारही बाजू पूर्ण. तिच्या जुन्या कपड्यांचे तुकडे आहेत, चौकडीचा एकही नाही, शपथेवर सांगते. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
भावजय

ता. क. गोधडीत चौकडी नाही असं वर लिहिलंय, ते वरच्या बाजूबद्दल. अस्तर सगळं चौकडीचंच आहे. एवढं मोठं सलग कापड घरात दुसरं नव्हतं. अंथरताना तेवढी काळजी घ्या, आणि शपथेचं मनावर घेऊ नका.

दुसरा ता. क. सगळे मजेत आहेत असं लिहिलंय तेही तितकंसं खरं नाही. तुमचे भाऊ थोरलीच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात. मशीनवर आठ दिवस झाकण आहे. एक विनंती होती. तिची मापं घेऊन कळवाल का? खांदा, छाती, कंबर, बाही, उंची. माझ्याकडे आहेत ती दीड वर्षापूर्वीची. मी दर सहा महिन्यांनी दोन बोटं वाढवून अंदाजाने कापत होते, तिला समोर उभी करायला वेळ कुणाला होता? मापं कशाला, ते तिला सांगू नका.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. मापं तुम्ही घेऊ नका. मी शुक्रवारची रजा टाकली आहे, सकाळच्या बसने येते. शिवायचं काही नाही, पण टेप घेऊन येते. तिला म्हणेन, हात पसर आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहा. तेवढ्यात जे सांगायचंय ते सांगून टाकीन. मला मापं पाच मिनिटांत घेता येतात, हे तिला ठाऊक आहे. म्हणून मापं चुकली म्हणेन, आणि परत घेईन.