रेषेच्या अलीकडून

प्रिय ताई,

तुला जाऊन महिना झाला. आज दुपारी वर्तकनगरला तुझ्या घरी गेलेलो, कपडे आवरायला. तिथे जे झालं ते घरात कुणाला सांगता येईना, म्हणून तुलाच लिहितोय.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंस, आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी मला ठाकुर्लीहून बोलावून काहीतरी नवं समजावायचीस. म्हणायचीस, बाळूला कळलं की कुणालाही कळेल. शेवटच्या रविवारी मात्र मी तापाचं निमित्त सांगितलं. ताप नव्हता गं. तुझा तो ओढलेला चेहरा बघवत नव्हता. तुला कळलेलं का?

कळलेलंच असणार. तुझ्या मोबाइलमध्ये त्याच रविवारचं रेकॉर्डिंग सापडलं. नाव दिलेलंस, 'कृष्णविवर, बाळूसाठी'.

आवाज बारीक झालेला, पण सांगणं तेच, स्वच्छ. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपतं, मग त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने आत कोसळतो. एवढं वस्तुमान इवल्याशा जागेत दाबलं जातं. लांब असलेल्याला गुरुत्वाची ओढ तेवढ्याच वस्तुमानाच्या साध्या ताऱ्याइतकीच जाणवते; पण आता त्याच्या अगदी जवळ जाता येतं, आणि तिथे ती भयंकर वाढते. एका रेषेच्या आतून प्रकाशही परतत नाही.

मग म्हणालीस, "कळलं का रे?" आणि थांबलीस.

रिकाम्या घरात मी बोलून गेलो, "नाही."

"बरं, परत सांगते," तू म्हणालीस.

तू पुन्हा सगळं सांगितलंस, पुन्हा विचारलंस. मी तोंड घट्ट मिटून बसलेलो. थोड्या वेळाने तू हळूच म्हणालीस, "गप्प का झालास?"

ताई, माझी उत्तरं तुला इतकी पाठ होती? की आणखी काही? त्यापुढचं मनात आणवत नाही.

नंतर तू त्या रेषेकडे पडणाऱ्या माणसाचं सांगितलंस. तो केव्हाच पार झालेला असतो. बाहेरच्याला मात्र तो रेषेपाशी रेंगाळताना दिसतो, लालसर होत, विझत. मग इतक्या जवळून विचारलंस, की मी मागे वळून पाहिलं.

"बाळू, मी दिसतेय का अजून?"

मी फोन बंद केला. कपडे तसेच टाकून, कुलूप लावून निघालो. रेकॉर्डिंगची चार मिनिटं अजून उरलीत.

येत्या रविवारी येईन. तुझ्या खुर्चीसमोर बसून ती ऐकेन. आणि तू जे विचारशील, त्याला खरं उत्तर देईन.

तुझा,
बाळू