खाडीचे पिवळे पाणी

कल्याण, माघ वद्य चतुर्थी, शके १८०४

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या त्र्यंबकाचे मस्तक.

परवा सकाळी संध्या आटोपून खाडीवर चित्र काढीत बसलो होतो. साहेबांना पाण्याचे वर्षभर पालटणारे रंग कागदावर हवे आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. होडीवाला धाकू मागून डोकावला आणि हसला, "मास्तर, पानी हिरवा हाय नि तुमी हलद कालवलीव?"

मीही हसलो. चित्र काढताना डावा डोळा मिटायची माझी जुनी सवय. तो उघडून उजवा मिटला, तर खाडी खरेच हिरवी! पुन्हा उजव्याने पाहिले, तर पिवळी. रामनाम घेत तीनदा पाहिले.

येथे जेवणखाण उत्तम आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे? आमच्या कुटुंबास यातले काही सांगू नये. उगाच उपास धरील.

दादा, वडिलांचेही असेच सुरू झाले होते ना? शेवटी ते देव चाचपून ओळखीत. मला फार भीती वाटते.

दिवाळीपासूनची माझी अकरा चित्रे साहेबांनी वाखाणली. ती विलायतेस जायची आहेत. खरे सांगितले तर काम जाईल, म्हणून दोन दिवस गप्प राहिलो. पण ज्या पाण्याचे रोज सूर्याला अर्घ्य देतो, त्याच्याविषयी खोटे कसे बोलू?

आज अकराही चित्रांच्या पाठीवर लिहिले, "यातला पिवळा रंग माझ्या डोळ्याचा आहे." खाली सही केली आणि ती साहेबांच्या हाती दिली.

आपला आज्ञांकित,
त्र्यंबक