तुझ्या ताटाविषयी

प्रिय भुरे,

या नावाची तुला चीड आहे, ठाऊक आहे; पण लिहायला बसलो की हेच हाताखाली येतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

माझं बरं चाललंय. चष्म्याच्या दुकानातलं काम सोडलं. काचा घासताना हात थरथरायला लागले होते. आता दिवसभर घरात मी आणि फ्रिजची घरघर. एकट्यापुरता भात लावतो, तरी सवयीने तो जोखून घेतो आणि मग स्वतःलाच हसतो.

तू दोन-तीन महिन्यांची झालीस तेव्हा तुझे केस इतके भुरे दिसायला लागले, की आत्या म्हणायची, "हे आमच्याकडचं नव्हे!" आई म्हणायची, आमच्याकडचं तर मुळीच नाही. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि दोष दोन्ही घरांकडून निम्मा निम्मा निघाला. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. प्रथिनांतून फेनिलअ‍ॅलनिन नावाचा रेणू सुटतो. त्याचं रूपांतर करणारं एन्झाइम तुझ्यात जवळजवळ नव्हतंच, म्हणून तो रक्तात साचत होता. केसांना काळा रंग देणारं एन्झाइम वेगळं, ते धडधाकट होतं. पण साचलेले रेणू त्याच्या जागेत घुसून त्याचं काम अडवायचे. "केसांचं जाऊ द्या," बाई म्हणाल्या, "मेंदू जपायचाय." तेव्हापासून आईने प्रथिनं मोजत तुझा घास न् घास जोखला.

तुझ्या लग्नात सगळ्यांदेखत तुझ्या ताटातलं चीज मी उचललं. "बाबा, मी लहान नाही आता," म्हणालीस, आणि अबोला धरलास. चुकलो असं अजूनही म्हणवत नाही. पण घर खायला उठतं गं.

परवा जावईबापूंचा फोन आला. दुसरा महिना लागलाय म्हणाले. "आता सगळं खाते, ठणठणीत आहे!" कुणाला सांगू नका असंही म्हणाले, त्यांच्यावर रागावू नकोस. मी "वा, वा" म्हटलं आणि खुर्चीत तसाच बसून राहिलो. तू पंधरा वर्षांची असताना बाईंनी बाळंतपणाचा विषय काढला, तशी तू लाजून बाहेर पळालीस. "वेळ आली की मी सांगेन तिला," आई म्हणाली. त्याआधीच ती गेली, आणि बापाच्या तोंडून असलं काही निघेना. आता लिहितो. बाळाकडे ते एन्झाइम असेलही, पण तुझ्या रक्तात साचलेलं वारेतून त्याच्यापर्यंत पोचतं आणि त्याच्या मेंदूला, हृदयाला इजा करतं. आजच रक्त तपास, आजच पथ्य सुरू कर. काल मी दवाखान्यात लेकुरवाळ्या बायकांच्या रांगेत बसून बाईंना भेटलो. वेळेत सावरलं तर बाळ चांगलं होण्याची खूप आशा आहे म्हणाल्या. त्या तुझी वाट बघतायत. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पोरी. त्यांच्याशी बोल.

तुझाच,
बाबा